‘कौशल्य : नाही’

(वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा इथं सावित्रीबाई फुले जयंतीच्या निमित्तानं झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज ३ जानेवारी. शेतात अजून कापूस उभा आहे, तूर सोंगायला आली आहे, आणि तरी आजची मजुरी बुडवून तुम्ही इथं आलात. काहीजणींनी घरी ‘मीटिंग आहे’ एवढंच सांगितलंय हे मला ठाऊक आहे. त्यामुळे सावित्रीबाईंचा जन्म कुठं झाला, लग्न कितव्या वर्षी झालं, हे सांगत बसत नाही. ते तुमच्या मुलींनी शाळेत पाठ केलंय.

मला विषय दिलाय ‘स्त्रियांमधील सुप्त गुण व कौशल्ये’. निमंत्रणपत्रिकेत तसंच छापलंय. या ‘सुप्त’ शब्दाशी माझं जरा भांडण आहे. सुप्त म्हणजे झोपलेलं. पहाटे चारला उठून, पाणी भरून, भाकरी थापून, सातला शेताच्या बांधावर हजर असणाऱ्या बाईचे गुण झोपलेले कसे असतील? बाई झोपत नाही आणि तिचे गुण मात्र झोपलेत, असं कसं? झोपलं कुणी असेल तर ते दुसरंच कुणी आहे. त्यात मीही होते. आज तेच सांगणार आहे.

२०१७ सालची गोष्ट. मी एमएसडब्ल्यू करून या भागात कामाला लागले होते. पेरण्या व्हायच्या होत्या. इथून जवळच्याच एका गावात आम्ही घरोघर पाहणी केली. हातात छापील फॉर्म. नाव, वय, शिक्षण, जमीन, जनावरं, कर्ज, आणि सर्वांत शेवटी एक रकाना : कौशल्य. मी प्रत्येक बाईला विचारायची, “तुम्हाला काय येतं?” बाई आधी हसायची, मग पदर तोंडाला लावायची, मग शेजारणीकडं बघायची. एक मावशी होत्या. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. त्या म्हणाल्या, “मले काय येते ताई? निंदता येते, येचता येते. ते काय येनं झालं?”

आणि मी लिहिलं, ‘कौशल्य : नाही’.

दोन वर्षं शिकून, पदवी घेऊन आलेली मी. मला ‘सहभागी पद्धती’ वगैरे सगळं शिकवलं होतं. तरी पेन थांबला नाही. त्या गावात आम्ही साठ-सत्तर फॉर्म भरले असतील. दोघी-तिघींच्या पुढं ‘शिवणकाम’ लिहिलं, एकीपुढं ‘पापड-लोणची’. बाकी सगळ्या ‘नाही’. मग आमचा अहवाल झाला. अहवालाचा निष्कर्ष काय निघणार? या गावातल्या स्त्रियांकडं कौशल्य नाही, म्हणून त्यांना कौशल्य दिलं पाहिजे. मग आम्ही शिवणक्लास काढला. तीन महिन्यांचा. मशिनी आल्या, फोटो निघाले, प्रमाणपत्रं वाटली. मावशीही दोन आठवडे येऊन गेल्या, मग निंदण सुरू झालं तसं येणं बंद झालं. आमच्या नोंदवहीत त्यांच्या नावापुढं ‘गळती’ असं लिहिलं आहे. त्या मशिनींपैकी बऱ्याच आज टीव्हीखालचं टेबल म्हणून वापरात आहेत. तयार ब्लाउज आणि फ्रॉक बाजारात त्याहून स्वस्त मिळतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. आम्ही विचारलं नव्हतं.

त्याच वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, मी त्या मावशींबरोबर एका शेतात गेले होते. दुसऱ्याचं शेत, रोजाचं निंदण. कपाशी फुलावर आली होती. मावशी ओळीनं पुढं जात होत्या, मधेच थांबल्या. एक फूल तोडलं, माझ्या हातावर ठेवलं. “हे पाहा. उमललं नाई. गुलाबावानी मिटलं हाये. याच्यात अळी हाये.” पाकळ्या सोडवल्या तर आत खरंच बारीकशी अळी. पुढं त्यांनी मला ओळीत चालता चालता अशी कितीतरी फुलं दाखवली. त्यांनी शेतमालकालाही सांगितलं. तो म्हणाला, “बीटी हाये. बीटीले बोंडअळी लागत नाई.” विषय संपला.

त्या फुलाला ‘डोमकळी’ म्हणतात. गुलाबी बोंडअळी आल्याची ती पहिली खूण. अळी फुलाच्या आत राहून पाकळ्या धाग्यानं बांधून टाकते, म्हणून फूल उमलत नाही. हे मला त्यानंतर कितीतरी महिन्यांनी, छापील पत्रकात वाचून कळलं. त्या वेळी त्या डोमकळ्या वेचून नष्ट केल्या, कामगंध सापळे लावले, निंबोळी अर्क फवारला, तर पुढचं नुकसान पुष्कळ आवरता येतं. एकदा अळी बोंडात शिरली की बोंड बंद, औषध आत पोचत नाही. बाहेरून बोंड हिरवंगार, आतून सडलेलं. २०१७च्या त्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. उभ्या पऱ्हाटीत लोकांनी जनावरं सोडली, नांगर घातला. ‘बीटीला अळी लागत नाही’ हा भरवसा बियाण्याच्या पाकिटाबरोबर घराघरात आला होता. गुलाबी अळीनं तो कधीच मागं टाकला होता.

त्या गावात शेतकऱ्यांची सभा झाली, पण हिवाळ्यात. म्हणजे बोंडं किडल्यावर. सभेला सातबाऱ्यावर नाव असलेले लोक बोलावले होते. म्हणजे पुरुष. चित्रं दाखवून त्यांना सांगितलं, डोमकळी अशी दिसते. मावशी त्या वेळी कापूस वेचत होत्या. आणि त्यांचं नुकसान कसं झालं बघा. वेचणी किलोवर. किडक्या बोंडातून कापूस सुटत नाही, नखानं ओरबाडावा लागतो, निम्मी कवडी निघते. दिवसभर वेचून ओटी भरत नाही. जिनं अळी सर्वांत आधी पाहिली, तिचीच रोजी सर्वांत आधी बुडाली. मी त्यांना विचारलं, “तुम्ही सभेत जाऊन का नाही सांगितलं?” त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मले कोन इचारते?”

मी विचारलं होतं की. जूनमध्ये. फॉर्म घेऊन. उत्तर मिळालं होतं आणि मी ते ‘नाही’ म्हणून लिहून घेतलं होतं.

आता थोडं निंदणावर बोलू, कारण सरकारी भाषेत याला ‘अकुशल’ काम म्हणतात. रोजगार हमीचा आपला महाराष्ट्राचा कायदा १९७७चा. देशात सर्वांत आधी आपण केला, ७२च्या दुष्काळातून ती योजना उभी राहिली, आणि बायकांनी ती चालवून दाखवली. मला त्या कायद्याचा अभिमान आहे. पण त्यातही शब्द आहे ‘अकुशल शारीरिक काम’. २००५च्या केंद्राच्या कायद्यातही तोच शब्द आला. शेतमजुरीला किमान वेतन ठरवतात तेव्हाही निंदणी-वेचणी ही खालच्याच पायरीवर. ज्यांनी हा शब्द लिहिला त्यांना एक दिवस खुरपं देऊन ओळीत बसवावं असं माझ्या फार मनात आहे. केना आणि हराळी कापून तिथंच टाकली तर पावसात तुकड्या-तुकड्याला मुळं फुटतात. ती गोळा करून बांधावर न्यावी लागते. लव्हाळा वरून तोडला तर आठ दिवसांत परत उभा, त्याची खालची गाठ काढावी लागते. तूर आणि कपाशीचं रोप हातभर अंतरावर, त्याच्या मुळाला धक्का न लावता. आणि हे सगळं करता करता घोळ, तरोटा, तांदुळजा ओळखून वेगळा ओट्यात टाकायचा, कारण संध्याकाळची भाजी तीच. एवढं सगळं हात करतो आणि तोंड गप्पा मारत असतं, म्हणून बघणाऱ्याला वाटतं यात काय विशेष! मी एकदा अर्धा दिवस बसले होते. बाया माझ्यामागून येऊन माझी ओळ परत निंदत होत्या, मला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप.

वेचणीचंही तसंच. दवात वेचलं तर कापूस ओला होतो, गंजीत तापतो, पिवळा पडतो. ऊन चढलं की पानं कोरडी होऊन कचरा चिकटतो. दोन्ही हातांनी दोन बोंडं, एका झटक्यात सगळ्या पाकळ्यांतला कापूस बाहेर, वाळलेल्या टरफलाची टोकं बोटात घुसू न देता. तरी घुसतातच. इथं बसलेल्या प्रत्येकीनं आपली बोटं बघावीत. पेरणीत पूर्वी चाड्यावर मूठ कुणाची असायची? बैल हाकणारा तिफणवाला, पण दाणे सोडणारी, सरतं धरणारी बहुतेक बाई. मूठ ढिली पडली तर दाट पेरणी, आवळली तर ओळी रिकाम्या. सगळ्या हंगामाचं पीक तिच्या मुठीवर, आणि मजुरी मात्र तिफणवाल्याची जास्त.

याला एक कारण असं देतात की ते काम बायकांना ‘उपजत’ येतं. हे कारण फार हुशारीचं आहे. आपल्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, देऊळगाव राजाच्या भागात, शेडनेटमध्ये टोमॅटो, मिरची, काकडीचं संकरित बियाणं तयार होतं. उद्या उमलणारी कळी आजच ओळखायची, तिच्यातले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, मधला स्त्रीकेसर दुखवायचा नाही, मग दुसऱ्या झाडाचा पराग त्यावर लावायचा. एक कळी चुकली तर तिच्यात स्वतःचंच बीज धरतं, आणि अशा चुका वाढल्या की सगळा लॉट शुद्धतेच्या चाचणीत नापास. याला तिथं ‘क्रॉसिंग’ म्हणतात. हे काम मोठ्या प्रमाणात बाया आणि मुली करतात. बायाच का, असं विचारलं की उत्तर मिळतं, ‘त्यांची बोटं नाजूक असतात, धीर असतो.’ म्हणजे बोटं देवानं दिली. मग शिकण्याला, सरावाला, लक्ष देण्याला पैसे कशाला द्यायचे? हेच काम प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून केलं की त्याला तंत्रज्ञ म्हणतात.

आपली भाषासुद्धा यात सामील आहे. चांगला स्वयंपाक करणारी ती ‘सुगरण’. आणि लग्नात स्वयंपाक करणारा तो ‘आचारी’. सुगरणीला काय मिळतं? ‘वा, काय भाजी झालीय!’ आचाऱ्याला बयाणा मिळतो. मी कुणा आचाऱ्याच्या पोटावर पाय देत नाहीये. पण आमच्या या खारपाणपट्ट्यात, जिथल्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, तिथं दोन वेळा घरभराला वरण खाऊ घालणारी बाई कुठल्या परीक्षेला बसणार आहे?

आता कायद्याचं एक सांगते, कारण गेल्या बैठकीत काहीजणींनी ‘समान कामाला समान दाम’चं काय झालं, असं विचारलं होतं. १९७६ साली समान मोबदल्याचा कायदा झाला. त्यात समान काम म्हणजे काय हे ठरवायला तीन गोष्टी दिल्या होत्या : कौशल्य, श्रम आणि जबाबदारी. पुढं तो कायदा २०१९च्या वेतन संहितेत घेतला, तिथं ‘अनुभव’ हाही शब्द जोडला. ऐकायला छान आहे. मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत ऑड्री डिकॉस्टा नावाच्या स्टेनोग्राफर होत्या. कंपनीत पुरुष स्टेनोंना पगार जास्त आणि ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ना कमी. कंपनीचं म्हणणं, या बायका साहेबांजवळ बसतात, यांचं पदच वेगळं, त्या पदावर पुरुष नाहीतच, मग तुलना कुणाशी? १९८७ साली सर्वोच्च न्यायालयानं हे म्हणणं फेटाळलं. काम सारखंच आहे, वेगळा गट करून पगार कमी देता येणार नाही, असा निकाल दिला.

मुद्दा लक्षात येतोय ना? ‘त्या कामावर पुरुष नाहीतच.’ आपल्याकडं निंदणाला पुरुष कुठं आहे? वेचणीला क्वचित. डवरणी, नांगरणी, फवारणी त्यांची. आधी कामं वाटून टाकायची, मग म्हणायचं, कामंच वेगळी, दाम सारखा कसा मागता? डिकॉस्टाबाईंना शेजारच्या टेबलावर त्याच टाइपरायटरवर बसलेला पुरुष दाखवता आला. आपल्याला तसा पुरुष दाखवता येत नाही. म्हणून आपली लढाई आधी या शब्दाशी आहे. निंदण हे कसबाचं काम आहे एवढं जरी मान्य झालं, तरी दर ठरवताना बोलायची जागा तयार होते.

इथं आपल्या जिल्ह्यातल्या एका बाईची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला होते. त्यांनी मुलीला घरी शिकवलं. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर शेरे सुरू झाले. ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. पुण्यात छापलं, पाचशे प्रती. विचारलं की जे दुर्गुण बाईच्या नावावर टाकता ते पुरुषात नाहीत का? इतकं सडेतोड आणि इतकं मजेदार मराठी त्या काळात फार थोड्या पुरुषांनी लिहिलं असेल. जोतीराव फुले १८८५मध्ये ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. पण बाकी गावगाड्यानं काय केलं? टीका केली आणि मग विसरून गेला. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापलं. त्र्याण्णव वर्षं! बुद्धी बुलढाण्यातच होती, लेखणी होती, अक्षर होतं. ऐकणारे नव्हते. दुसऱ्या पुस्तकात त्यांनी काय लिहिलं असतं, याचा विचार मनात आला की मला अजून राग येतो.

आणि पलीकडं खानदेशात, असोद्याच्या बहिणाबाई. अक्षर येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी जुळवायच्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि एका नातलगानं ती उतरवून घेतली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि १९५२ साली पुस्तक आलं. सगळे म्हणतात, अशिक्षित बाईची केवढी प्रतिभा! खरंच आहे. पण मला नेहमी वाटतं, त्यांचा मुलगा स्वतः कवी होता म्हणून. ज्यांचा मुलगा कवी नव्हता, त्यांच्या जात्यावरून काय काय सांडून गेलं असेल? तुमच्यातल्या थोरल्यांना भुलाबाईची कितीतरी गाणी येतात. ती कुणाच्या फॉर्मात कुठल्या रकान्यात बसतात?

एक अवघड गोष्टही बोलते. ‘बायकांना सगळं येतं’ असं म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. पण बायकांतही कुणाचं कसब मानाचं आणि कुणाचं नाही, हे जात ठरवते. सुईणीचं बघा. अडलेलं बाळंतपण सोडवणं, आडवं मूल हातानं ओळखणं, वार पडली की नाही ते बघणं. याहून मोठं कसब कोणतं? ते बहुतेक गावांत दलित बायकांकडं होतं. रात्री दोनला बोलावणं जायचं, आणि सकाळी त्याच घरात तिच्या हातचं पाणी चालायचं नाही. मोबदला काय, तर पायली-दोन पायली धान्य, जुनं लुगडं, तेही दुरून. बाबासाहेबांनी १९३६मध्येच सांगितलं होतं की जातिव्यवस्था नुसतं काम वाटत नाही, काम करणारी माणसंच उतरंडीवर वाटून टाकते. आज बाळंतपणं दवाखान्यात होतात, ते चांगलंच आहे, माझा त्याला विरोध नाही. पण ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या हे केलं, त्यांच्याकडून आम्ही शिकून घेतलं का? त्यांच्या मुलींना नर्स होण्यासाठी आधी वाट दिली का? आपल्या बचत गटांत तरी त्या बायका कुठल्या कोपऱ्यात बसतात, ते आज घरी जाताना आठवून बघा.

आणखी एक. सगळ्यांचा हात सारखा नसतो. हे आपण बायका आपसात कबूल करायला घाबरतो. टोळीतली एखादी दुपारपर्यंत दुप्पट वेचते, एखादीला नाही जमत. एखादीच्या तोंडी हिशेब पक्का, मालकाच्या वहीतली चूक ती उभ्या उभ्या काढते. ती पुढं बोलायला लागली की आपल्यातल्याच चौघी म्हणतात, ‘फार शहाणी झाली.’ पुरुषांनी दाबलं ते दाबलंच, पण या ‘फार शहाणी’नं किती जणी गप्प झाल्या, याची मोजदाद कुणी करत नाही. माझ्या ओळखीतली एक मुलगी अशीच बोलायची थांबली. तिचं गणित अजून तसंच पक्कं आहे. आता हिशेब मनात करते आणि कमी पैसे घेऊन घरी जाते.

आता त्या मावशींचं राहिलं. बोंडअळीच्या त्या हंगामानंतर मी त्यांच्याकडं गेले. जुना फॉर्म बरोबर घेऊन गेले होते. वाचून दाखवला. शेवटचा रकाना वाचताना माझा आवाज बारीक झाला. म्हटलं, “मावशी, माझं चुकलं. हे मी खोडते.” त्या म्हणाल्या, “खोडू नका. मंग आता काय लिवता?”

मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. काय लिहिणार? ‘कीड ओळखणे’? ‘तणांची माहिती’? त्या रकान्यात दीड इंच जागा होती. आणि लिहून तरी ते कुणाला पाठवणार होते? ज्यांना पाठवायचं त्यांना शिवणकाम, ब्युटीपार्लर, संगणक एवढेच पर्याय माहीत होते. फॉर्म माझ्या हातातच राहिला. मावशींनी चहा केला, मी पिऊन परत आले.

त्यानंतर आम्ही एक बदल केला. ‘तुम्हाला काय येतं?’ हा प्रश्नच काढून टाकला. त्या प्रश्नाला बाई हसते आणि ‘काई नाई’ म्हणते, कारण स्वतःबद्दल सांगायचं म्हणजे फुशारकी, असं तिला लहानपणापासून शिकवलंय. आता आम्ही विचारतो, ‘लोक तुमच्याकडं काय विचारायला येतात?’ आणि शेजारणीला विचारतो, ‘हिच्याशिवाय तुमचं काय अडतं?’ एवढंच. पण उत्तरं बघा. एकीकडं लोक शेळीचं पोट फुगलं की येतात. एकीकडं कुठल्या शेतात कोणती ज्वारी पेरली होती याची वीस वर्षांची आठवण आहे. एक काकू कुठल्या बोअरचं पाणी कधी जास्त खारं होतं ते जिभेवर सांगतात. एकीशिवाय गावातली दोन भांडखोर घरं एका बांधावर काम करूच शकत नाहीत. आणि मावशींच्या शेजारणीनं सांगितलं, ‘ही नसली तं आमची टोळी पुढं सरकत नाई, हिलेच समजते कुठून सुरू कराचं.’

याचा पैशात उपयोग झाला का, असं तुम्ही विचाराल. थोडा झाला. त्या गावात निंदणाच्या आधी बाया एकत्र बसून दर ठरवतात. सगळे मालक ऐकतात असं नाही. तणनाशक फवारून टाकू, तुमची गरजच नाही, अशी धमकीही मिळते, आणि ती पोकळ नाही. तणनाशकानं निंदणाचे दिवस खरंच कमी झालेत. पण टोळीत पुढं चालणारीला, जिला कीड कळते, तिला रोजामागं थोडे पैसे जास्त द्यायचे, हे दोन-तीन शेतकऱ्यांनी कबूल केलं. त्यातला एक तो २०१७चा. त्यानं मावशींची माफी वगैरे मागितली नाही. एका पावसाळ्यात नुसता फोन केला, “एक चक्कर मारून जा शेतात, पाहून सांगा.” मावशी गेल्या. परत येऊन मला म्हणाल्या, “चकरेचे पैसे मांगाचे राहूनच गेले ताई.”

तर आता दुसरं सत्र. बसल्या जागी प्रत्येकीला एक कागद मिळेल. त्यावर स्वतःचं काही लिहायचं नाही. डावीकडच्या बाईचं लिहायचं : गावात तिला कशासाठी बोलावतात, आणि त्या कामाचे तिला आजवर कुणी पैसे दिले का. लिहिता येत नसेल तर आमच्या कार्यकर्त्या ओळीत बसल्याच आहेत, त्यांना सांगा, त्या तुमच्याच शब्दांत उतरवतील. कुणाचं बोलणं सुधारून लिहायचं नाही असं त्यांना बजावलंय. जेवण झाल्यावर येत्या हंगामाचा दर बोलायचा आहे. आकडा तुम्ही काढायचा. मी मागं बसते.